टीवायचा प्रोजेक्ट: प्रत्येकाचा वेगळा की सगळ्यांचा मिळून एक?

जून उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरण विभागांत हा प्रश्न निघतोच. नव्या शैक्षणिक धोरणाने त्याला वजनही आणलंय. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला आहे आणि त्या प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. टीवायला काय शिकवलं, ते तिथे लगेच कळतं. मी दोन्ही पद्धतींनी मुलांना काम दिलं आहे. यंदा पहिल्यांदाच गाइड होणार असाल, तर हे तुमच्यासाठी.

स्वतंत्र प्रोजेक्टची जमेची बाजू एकच, पण ती मोठी आहे: प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो. मुठेकाठी राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने घराजवळच्या पात्रातले वंचक आणि गायबगळे मोजायला घेतले. कॉलेजला निघण्याआधी रोज अर्धा तास. पाणी सोडलं की पक्षी कुठे सरकतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. वहीतल्या नोंदींवरून तिचं तिलाच दिसलं. अशा मुलीला वाट मोकळी करून द्यावी आणि मागे उभं राहावं.

पण वर्गात पंधरा मुलं असतील, तर पंधरा विषय होतात. गाइडला प्रत्येकासाठी आठवड्याला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आणि त्यातली निम्मी प्रस्तावनेतल्या चुका दाखवण्यात जातात. शिवाय हा विषय परिसंस्थेचा. जुलैत सुरू झालेलं काम ऑक्टोबरात परीक्षा आली की थांबतं. हाती चार महिन्यांच्या नोंदी राहतात आणि त्यावरून वर्षाबद्दल बोलायचं असतं. मग स्पायरल बाइंडिंग, व्हायवा आणि विभागाचं कपाट. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्या नोंदींना हात लावत नाही, कारण त्याचा विषयच निराळा असतो.

आता दुसरी बाजू. आम्ही वेताळ टेकडीवर २० मीटर बाय २० मीटरचे सहा प्लॉट आखले. तीन गिरिपुष्पाच्या लागवडीत, तीन सालई, मोई, गणेर ही देशी झाडं टिकून आहेत अशा उतारांवर. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेकडचं. झपाट्याने वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते भरपूर लावलं गेलं. त्याच्या सावलीत देशी झाडांची रोपं किती उगवतात, एवढाच आमचा प्रश्न. प्रत्येक झाडाला क्रमांक, छातीच्या उंचीवर घेर, खाली एक मीटरच्या चौकटीत रोपांची मोजणी. दरवर्षी नवा वर्ग येतो आणि त्याच झाडांपाशी जातो.

दुसऱ्या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगते. एका गटाच्या तक्त्यात १४ सेंटिमीटर व्यासाची मोई एका वर्षात ४४ सेंटिमीटरची झाली होती. मला ते दिसलं नव्हतं. मागच्या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवून बसलेल्या मुलाला दिसलं. टेपने घेतलेला घेर व्यासाच्या रकान्यात गेला होता. खोडाचं छेद-क्षेत्रफळ काढलं असतं, तर ते जवळजवळ दहापट आलं असतं. दुसऱ्या दिवशी ती मुलं न सांगता टेकडीवर जाऊन तो अख्खा प्लॉट पुन्हा मोजून आली. स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये हा आकडा सरळ अहवालात छापला गेला असता, कारण त्या झाडाकडे दुसऱ्यांदा पाहणारं कोणी नसतं. माझं मत एकत्रित कामाकडे वळलं, ते त्या दिवशी.

त्यातही दुखणी आहेत. जो बोलका असतो तो नोंदवही धरतो आणि बुजरी मुलगी वर्षभर टेपचं टोक धरून उभी राहते. हे आपोआप सुटत नाही. दर फेरीला कामं बदलायची, हा नियम गाइडनेच लावावा लागतो. सामायिक नोंदींतून प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा प्रश्न काढून त्यावर स्वतंत्र लिहायचं, हा दुसरा. परीक्षकालाही तेच हवं असतं. आणि उद्या शोधनिबंध झालाच, तर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने, हे जुलैतच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. एका कॉलेजबरोबरच्या कामात आम्ही हे पुढे ढकललं, आणि दोन चांगल्या विद्यार्थ्यांची मनं कायमची दुखावली. ते मला अजून लागतं.

अनेक कॉलेजांनी मिळून करण्याचा मोह होईल. कल्पना नवी नाही. १९९०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या पुढाकाराने पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे अध्यापक जैवविविधतेच्या नोंदींसाठी एका जाळ्यात आले होते. अमेरिकेतही इकॉलॉजिकल रिसर्च ॲज एज्युकेशन नेटवर्क लहान कॉलेजांच्या प्राध्यापकांना अशाच सामायिक प्रकल्पांत जोडतं. यातून उत्तरं मोठी मिळतात, पण पद्धत आधी तंतोतंत जुळावी लागते. आपल्याकडे वनखात्याच्या रिवाजाने छातीची उंची १.३७ मीटर, तर संशोधनाच्या बऱ्याच प्लॉटमध्ये १.३ मीटर. एका कॉलेजने एक धरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर वर्षाच्या शेवटी तक्ते जोडताना रडू येतं. आम्ही १.३ मीटरवर लाल खूण केलेल्या काठ्याच सगळ्या गटांना वाटल्या. तरीही, पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नका.

तयार उपक्रमांत सामील व्हायचं असेल, तर पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड आणि झाडांचे ऋतुबदल टिपण्यासाठी सीझनवॉच आहेत. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षिगणनेत कॉलेजचं आवार सहज मोजून होतं. सीझनवॉचमध्ये एकच झाड आठवड्यातून एकदा बघायचं असतं. एसवायच्या मुलांचा हात बसायला हे छान, पण प्रश्न ठरवणं त्यात येत नाही.

तेव्हा मुलं चारच्या आत असतील आणि त्यांच्यापाशी स्वतःचे प्रश्न असतील, तर स्वतंत्र द्या. आठाच्या वर असतील, तर एकत्रित. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जुन्या सामायिक नोंदींवर स्वतःचा प्रश्न उभा करू द्या. तीन वर्षांचे तक्ते हाताशी असणं ही त्याची मोठी पुंजी असते. मात्र गाइडला महिन्यातून दोनदा तरी टेकडी चढणं जमणार नसेल, तर एकत्रित प्रकल्प घेऊ नये. चुका उतारावर होतात, स्टाफरूममध्ये दिसत नाहीत.

टेकडीचा बराच भाग वनविभागाकडे आहे, म्हणून परवानगीचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यातच द्या. उत्तर येईपर्यंत कॉलेजच्या मागच्या पडीक तुकड्यात एक प्लॉट आखून मुलांना टेप धरायला शिकवा. नोंदी पेन्सिलीनेच घ्यायला सांगा. श्रावणातल्या सरीत पेनाची शाई पसरते आणि एका सकाळचं काम वाहून जातं.