बाणेरचा गोल्फ सिम्युलेटर: जागा भारी, पण डिफॉल्ट सेटिंगवर खेळू नका

एका दमात सांगायचं तर मशीन भारी, एसी भारी, कॉफी बरी, पटिंग (होलजवळ बॉल हळूच ढकलणं) भिकार, आणि सुरुवातीला ते तुम्हाला ज्या सेटिंगवर खेळवतात त्यावरच खेळत राहिलात तर घरी जाताना आपण पीजीए टूरवर (अमेरिकेतली प्रो लोकांची मालिका) का नाही असा प्रश्न पडेल. जागा बाणेर-बालेवाडीच्या बाजूला आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि मालक सज्जन माणूस आहे, ज्याला शोधायचीय त्याला सापडेलच.

आधी काय मिळतं ते. एका बेमध्ये (स्क्रीनसमोरचा खेळायचा कप्पा) चौघे आरामात बसतात, छत पुरेसं उंच आहे, सहा फुटी माणसानेही ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) बिनधास्त फिरवावा (हे मुद्दाम लिहितोय, कारण कमी उंचीच्या जागेत बॅकस्विंग घेताना निम्मं लक्ष छताकडेच असतं). वर कॅमेरे आहेत, ते बॉलचा स्पीड, लाँच अँगल, स्पिन, क्लबचा म्हणजे काठीचा स्पीड सगळं मोजतात. आकडे खरे वाटले, माझी सेवन आयर्न (मधल्या अंतराची काठी) तिथे तेवढीच जाते जेवढी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर जाते, गिऱ्हाईक खूष व्हावं म्हणून उगाच दहा यार्ड चढवून दाखवत नाहीत. भाड्याचे क्लब ठीकठाक, ग्रिप गुळगुळीत झाल्यात, स्वतःचे असतील तर तेच न्या. वीकेंडचा दर ऐकून भुवया वर जातात पण चौघांत वाटला की मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नसकट पिक्चर बघण्याएवढाच पडतो.

आता मुद्द्याचं. डिफॉल्टला वारा शून्य, फेअरवे (बॉल पडायला हवा तो कापलेल्या गवताचा पट्टा) मऊ, ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) मऊ, आणि रफमधून (बाजूच्या वाढलेल्या गवतातून) मारलं तर दंड जवळपास नाहीच. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणे सर नवीन लोकांना मजा यावी म्हणून ठेवलंय. बरोबरच आहे त्याचं, पण असं केलं की गोल्फमधली अर्धी गोष्ट गायब होते, उरतो फक्त एकच प्रश्न, कोण लांब मारतो. आमच्यात एक जण आहे, जिमवाला, बॉल अक्षरशः फोडतो, कुठे जाणार ते बॉलने ठरवायचं. बाहेर खऱ्या कोर्सवर तो निम्मा वेळ झाडीत बॉल शोधत असतो, आणि इथे त्याने सगळ्यांना धुतलं, कारण रफ म्हणजे स्क्रीनवर जरा गडद हिरवा रंग, बाकी काही नाही.

मग आम्ही सेटिंग बदलायला लावलं. वारा ताशी वीस मैल, फेअरवे आणि ग्रीन कडक, रफचा दंड पूर्ण. कोर्स घेतले दोन, आधी सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आणि मग पेबल बीच. आणि गंमत अशी की ओल्ड कोर्सवर जिमवालाच परत जिंकला. का, तर ओल्ड कोर्स रुंद आहे, पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच, शंभर यार्डांहून जास्त रुंद, ग्रीनही एवढी मोठी की चौदा होल्सना मिळून सातच ग्रीन, दोन-दोन होलना एकेक. एवढ्या मैदानात तिरका मारला तरी काही बिघडत नाही, फक्त उजवीकडे ओबीत (हद्दीबाहेर) घालायचा नाही. अठरावा होल साडेतीनशे यार्डांच्या आसपास, कडक जमिनीवर त्याचा बॉल घरंगळत ग्रीनच्या पुढच्या खळग्यापर्यंत गेला, व्हॅली ऑफ सिन म्हणतात तो. पेबल बीचवर मात्र त्याची हवा गेली. तिथली ग्रीन टूरवरच्या सगळ्यात छोट्या ग्रीनमध्ये मोजतात, सातवा होल तर जेमतेम शंभर यार्डांचा, समोर समुद्र, वारा अंगावर, तिथे दंडात किती ताकद आहे याचं करायचं काय. आमच्यातले एक काका, साठी ओलांडलेले, ड्रायव्हर दोनशे यार्ड गेला तर पार्टी देतात, ते तिथे चार स्ट्रोकने, म्हणजे चार फटके कमी घेऊन, जिंकले.

ह्यासाठी म्हणून पैसे वसूल. टीव्हीवर गोल्फ बघताना हा लांब मारतो म्हणून जिंकणार असं आपण पटकन बोलून जातो, पण लांबीची किंमत कोर्स ठरवतो, आणि ती कशी ठरवतो हे सेटिंगची बटणं फिरवून एका संध्याकाळी कळतं.

प्रो लोकांचंच घ्या ना. २०२० ची यूएस ओपन न्यूयॉर्कजवळ विंग्ड फूटला झाली, अरुंद फेअरवे, रफ घोट्याच्या वर, सगळे म्हणत होते इथे सरळ मारणाराच टिकेल. लांब मारण्यासाठी प्रसिद्ध ब्रायसन डीशॅम्बोने चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ फेअरवे पकडले आणि सहा स्ट्रोकने जिंकला, सहा अंडर (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, सहा कमी), बाकी एकही माणूस अंडर पार नाही. हे उलटं वाटतं पण हिशोब सोपा आहे. फेअरवे एवढे अरुंद केले की सगळ्यांचेच बॉल बाहेर जायला लागले, आणि एकदा सगळेच रफमध्ये म्हटल्यावर ज्याच्या हातात वेज (जवळून मारायची काठी) आहे तो ज्याच्या हातात लांबून मारायची सिक्स आयर्न आहे त्याच्यापेक्षा सुखी. म्हणजे लांब मारणाऱ्यांना आवरायला म्हणून कोर्स अरुंद केला आणि फायदा त्यांचाच झाला. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी म्हणून प्राध्यापक आहेत, स्ट्रोक्स गेन्ड (एकेका फटक्याने किती फायदा झाला ते मोजणारं) हे गणित त्यांचं, त्यांच्या हिशोबातूनही हेच निघतं की थोडं तिरकं पण बरंच पुढे हे बहुतेक वेळा सरळ पण मागे राहण्यापेक्षा परवडतं.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. तोच ब्रायसन दोनच महिन्यांनी ऑगस्टाच्या कोर्सवर होणाऱ्या मास्टर्सला गेला (त्या वर्षी कोविडमुळे ती नोव्हेंबरमध्ये झाली), आधीच बोलून बसला होता की माझ्यासाठी ऑगस्टा पार ७२ नाही, ६७ आहे. तिथे त्याचा बॉल हरवला, ३४ व्या नंबरावर राहिला आणि ६३ वर्षांचे बर्नहार्ड लँगर त्याच्यापेक्षा एका स्ट्रोकने पुढे. त्या आठवड्यात त्याला चक्कर येत होती हे खरं, पण लँगर त्याच्या कितीतरी मागून दुसरा शॉट खेळत होते हेही खरंच. आणि जिंकला डस्टिन जॉन्सन, २० अंडर, तोही लांब मारणाराच, त्यामुळे ऑगस्टात ताकद चालत नाही असाही निष्कर्ष काढू नका. ऑगस्टाचं तर वेगळंच आहे, १९९७ ला टायगर वुड्स तिथे बारा स्ट्रोकने जिंकला तेव्हा कोर्स ७००० यार्डांच्याही आत होता, मग त्यांनी तो वाढवत वाढवत साडेसात हजारांच्या पुढे नेला. लोक म्हणाले टायगरला रोखायला केलं. रोखले गेले कोण, तर बिचारे आखूड मारणारे, त्यांना आता ग्रीनवर पोचायला लांब आयर्न काढाव्या लागतात आणि टायगरसारख्यांना पूर्वीपेक्षा फक्त एक-दोन क्लब जास्त. कोर्स नुसता लांब करणं म्हणजे लांब मारणाऱ्याला बक्षीस देणं आहे, हे त्यांना आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. ह्याला एक अपवाद मला फार आवडतो, २००७ चा झॅक जॉन्सन. थंडी, वारा, ग्रीन दगडासारखी. पठ्ठ्याने चारही दिवस एकाही पार फाइव्हवर (पाच फटक्यांचा लांब होल) दोन शॉटमध्ये ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही, दर वेळी आधी थांबला, मग वेज, मग पट, आणि पार फाइव्हवर मिळून ११ अंडर खेळून मास्टर्स घेऊन गेला.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर दिल्ली गोल्फ क्लब. दोन्ही बाजूंना झाडी एवढी दाट की बॉल आत गेला की विषय संपला, तिथला रफ विंग्ड फूटसारखा नाही, तिथून वेजने ग्रीन मारता येत नाही, आडवा बाहेर काढावा लागतो. म्हणजे चुकीला अर्धा नाही, पूर्ण स्ट्रोक दंड. ऑक्टोबर २०२५ ला तिथे डीपी वर्ल्ड टूरची (युरोपातली प्रो मालिका) स्पर्धा झाली, २०२३ मध्ये सरासरी ३२६ यार्ड ड्राइव्ह मारून अंतरात पीजीए टूरवर पहिला आलेला रोरी मॅकलरॉय आला आणि ड्रायव्हर बाजूला ठेवून खेळला. जिंकला टॉमी फ्लीटवुड, २२ अंडर. आणि आपले कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया, लांब मारण्यासाठी कधीच प्रसिद्ध नाहीत, २०१६ ची इंडियन ओपन ह्याच दिल्ली क्लबवर जिंकले तेव्हा लोक म्हणाले असणार घरचं मैदान, अरुंद कोर्स, ठीक आहे. पुढच्या वर्षी स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफला गेली, पूर्ण वेगळा कोर्स, उंच-सखल, खोल बंकर, तिथे तर सात स्ट्रोकने जिंकले.

तर ह्या सगळ्यात सिम्युलेटर कुठे कमी पडतो. रफ तो फक्त टक्केवारीत कापतो, अमुक टक्के अंतर कमी, संपलं. खरं गवत क्लबचं डोकं धरतं, फेस बंद करतं, बॉल डावीकडे पळतो, कधी स्पिनच बसत नाही आणि बॉल ग्रीनवरून थेट पलीकडे, हे मॅटवर कधीच होणार नाही. शिवाय मॅट सपाट. लवळ्याला ऑक्सफर्डच्या टेकडीवर जे खेळलेत त्यांना विचारा, एक पाय वर एक पाय खाली उभं राहून ताकद लावली की काय होतं. आणि बॉलच्या आधी जमीन मारली तर मॅटवर क्लब घसरत पुढे जातो, शॉट बराही दिसतो, त्यामुळे इथे प्रॅक्टिस करून स्विंग सुधारला असं कोणी म्हणालं तर हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

एक बारीक गोष्ट, उंचीची सेटिंग त्यांनी पुण्याची ठेवलीय, साडेपाचशे मीटरच्या वर, शाब्बास, रेंजवर (नुसता सराव करताना) आकडे त्यामुळेच जुळतात. पण कोर्स खेळताना ती बदला, सेंट अँड्र्यूज आणि पेबल बीच समुद्राला लागून आहेत, तिथे हवा दाट, नाहीतर फुकटचे दोनेक टक्के मिळतात आणि जिमवाला अजून फुगतो.

पटिंगबद्दल काय बोलणार. दहा फुटाचा पट मारला तर मशीन कधी सहा फूट समजतं कधी पंधरा, तक्रार केली तर कॅलिब्रेशन करतो म्हणाले, पुढच्या वेळी तेच. सरळ ऑटो पट (पट मशीननेच धरून टाकायचे) लावा, भांडणं वाचतात. खऱ्या स्पर्धेत चांगलं पट करणारा आखूड मारणारा ज्या जोरावर टिकतो तोच भाग इथे नाही, आमच्या काकांवर हा अन्यायच आहे, चार स्ट्रोकने जिंकले ते सात-आठने जिंकले असते.

बुकिंग फोनवर होतं, सकाळचा स्लॉट घ्या, संध्याकाळी ऑफिसवाल्यांच्या टीम आउटिंग असतात आणि शेजारच्या बेमधून प्रत्येक ड्राइव्हला आरडाओरडा. पार्किंग खाली आहे पण चारच गाड्यांचं. बुक करतानाच सांगून ठेवा की वारा, कडक जमीन आणि पूर्ण रफ लावून द्या, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं मेनू शोधण्यात जातात आणि मीटर चालूच असतो. साडेतीन स्टार. चौथा पाहिजे असेल तर दोन नंबर बेची मॅट बदला, टी (बॉल ठेवायची खुंटी) लावतात तिथे खड्डा पडलाय.