एचएप्रॉक्सी आणि कीपअलाइव्हड : लोड बॅलन्सिंगसाठी ही जोडी कशी वाटली

एका सर्व्हरवर चालणारी सर्व्हिस तीन-चार सर्व्हरवर न्यायची आहे आणि त्यासाठी महागडा हार्डवेअर बॉक्स घ्यायचा नाहीये, तर माझं मत सरळ आहे, एचएप्रॉक्सी लावा, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटून देणारं (लोड बॅलन्सिंग करणारं) सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, विली तारो यांनी सुरू केलं त्याला वीस वर्षांहून जास्त झाली आणि आजही त्यावर जोरात काम चालू आहे. कॉन्फिग सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये, फ्रंटएंड म्हणजे लोक कुठे येणार आणि बॅकएंड म्हणजे त्यांना कुठे पाठवायचं, एवढं समजलं की अर्धं काम झालं.

सगळे आधी विचारतात अल्गोरिदम कुठला लावू, म्हणजे रिक्वेस्ट कुठल्या नियमाने वाटू. तिथे फार डोकं घालवू नका. छोट्या छोट्या वेब रिक्वेस्ट असतील तर राउंडरॉबिन (आळीपाळीने एकेका सर्व्हरला), कनेक्शन बराच वेळ उघडी राहत असतील तर लीस्टकॉन (ज्याच्याकडे सगळ्यात कमी कनेक्शन त्याला), विषय संपला. लोड वाटून देणं कुठलंही टूल करतं हो, खरी परीक्षा होते मागचा एखादा सर्व्हर मरतो तेव्हा, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट मरतो तेव्हा. आणि मला एचएप्रॉक्सी आवडतं ते इथेच.

सर्व्हरच्या ओळीत 'चेक' लिहिलं नाही तर एचएप्रॉक्सी काहीच तपासत नाही, मेलेल्या सर्व्हरलाही जिवंत धरून ट्रॅफिक पाठवत राहतो, त्यामुळे हा शब्द विसरायचा नाही. पण नुसतं चेक लिहून भागत नाही कारण मग तो फक्त पोर्ट (सर्व्हिसचा नेटवर्कवरचा दरवाजा) उघडतंय का बघतो, आणि आत ॲप प्रत्येक रिक्वेस्टला ५०० एरर (सर्व्हरच्या आतली चूक) देत असलं तरी पोर्ट मस्त उघडं असतं. म्हणून एचटीटीपी चेक (खरी वेब रिक्वेस्ट पाठवून उत्तर तपासणारा) लावा आणि ॲपमध्ये त्यासाठी एक वेगळा छोटा पत्ता ठेवा. फक्त त्या पत्त्यात डेटाबेसची तपासणी कोंबू नका, नाहीतर डेटाबेस जरा मंदावला की सगळे सर्व्हर एकदम डाउन धरले जातात आणि जे काम हळू का होईना पण चालू होतं ते पूर्ण बंद होऊन सगळ्यांना ५०३ (सर्व्हिस उपलब्ध नाही) दिसायला लागतं. डिफॉल्ट सेटिंगला दर २ सेकंदांनी चेक होतो, ओळीने ३ वेळा फेल झाला की सर्व्हर बाहेर आणि २ वेळा पास झाला की परत आत. बहुतेकांना हे पुरतं.

दुसरी मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक सर्व्हरला मॅक्सकॉन लावता येतं. सर्व्हरला झेपेल तेवढीच कनेक्शन त्याच्याकडे जातात, बाकीची एचएप्रॉक्सी स्वतःकडे रांगेत उभी करतो. गर्दीच्या वेळी सर्व्हर धापा टाकत कोसळण्यापेक्षा लोकांना थोडं थांबावं लागलेलं कधीही चांगलं. आणि अपडेट करायचं असेल तेव्हा सर्व्हर ड्रेनला टाका, नवीन लोक येणं बंद, चालू असलेलं काम संपतं, मग निवांत रीस्टार्ट करा. स्टॅट्स पेज दिसायला जुनाट आहे पण कोण हिरवा, कोण लाल, कुणाकडे रांग लागलीय हे एका नजरेत कळतं.

आता कीपअलाइव्हड, म्हणजे एक बॅलन्सर पडला की दुसऱ्याला त्याच्या जागी आणणारं सॉफ्टवेअर. मागे चार सर्व्हर आणि पुढे एकच बॅलन्सर, तर तो पडला की सगळंच पडलं, म्हणून बॅलन्सर दोन हवेत आणि दोघांत मिळून एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे चालू असेल त्याच्याकडे राहणारा सामायिक नेटवर्क पत्ता. मास्टर दर सेकंदाला 'मी आहे' असं सांगत राहतो, तो गप्प झाला की साधारण ३-४ सेकंदांत दुसरा तो आयपी घेतो. काम चोख करतो पण एक खोच आहे, मशीन चालू आणि एचएप्रॉक्सीची प्रोसेस मेलेली असं झालं तर आयपी तिथेच अडकून बसतो, त्यामुळे ट्रॅक स्क्रिप्ट लावून प्रोसेसवर लक्ष ठेवायलाच हवं. शिवाय बऱ्याच क्लाउडमध्ये मल्टिकास्ट (एकच संदेश एकदम अनेकांना पाठवणं) चालत नाही, तिथे युनिकास्ट पीअर, म्हणजे समोरच्या बॅलन्सरचा थेट पत्ता, लिहावे लागतात आणि आयपी हलवायची सोयसुद्धा त्या क्लाउडच्या पद्धतीने करावी लागते. डेटासेंटरमधल्या स्वतःच्या मशीनवर हे जितकं सोपं जातं तितकं क्लाउडवर नाही, तिथे मॅनेज्ड (क्लाउड कंपनीच सांभाळते असा) बॅलन्सर घेतला तरी मी कुणाला नावं ठेवणार नाही.

नावडतं काय? मॅन्युअल प्रचंड मोठं आहे, त्यात सगळं आहे पण नवख्या माणसाला कुठून सुरू करू कळत नाही. टाइमआउट (किती वेळ वाट पाहून कनेक्शन तोडायचं) तर नीट समजून घ्यावेच लागतात, वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) असेल तर त्यासाठीचा, म्हणजे टनेलचा, टाइमआउट वेगळा द्या नाहीतर कनेक्शन मधेच तुटतात आणि लोक ॲपला दोष देत बसतात. फाइल बदलली की आधी तपासणीची कमांड चालवा, मगच रीलोड करा. २०१७ च्या १.८ व्हर्जनपासून रीलोड करताना कनेक्शन न तोडण्याची सोय आहे, त्यामुळे दिवसाढवळ्या केलं तरी चालतं.

डीएनएससारखी यूडीपीवरची (आधी कनेक्शन न जोडता डेटा पाठवण्याच्या पद्धतीवरची) सर्व्हिस वाटायची असेल तर मात्र एचएप्रॉक्सी नको, त्याला लिनक्स कर्नलमधलंच लोड बॅलन्सिंग, आयपीव्हीएस, बघा, ते कीपअलाइव्हडमधूनच कॉन्फिगर करता येतं.