एक फायबर जोडणी, दोन कार्यालये : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीत आमचे टॉवेल निर्यातीचे कार्यालय आहे आणि भिंतीपलीकडे एका कर सल्लागारांचे. दिवाळीपासून आम्ही दोघे मिळून स्थिर आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता कधी न बदलणारी, एकच फायबर इंटरनेट जोडणी वापरत आहोत. जोडणी आमच्या नावावर असल्यामुळे शेजाऱ्यांना ती वापरू देण्यास सेवा कंपनीची लेखी संमती आधीच घेतली होती. बहुतेक करारांत जोडणी तिसऱ्याला देण्यास मनाई असते, म्हणून हा कागद हातात असल्याशिवाय कोणी या वाटेला जाऊ नये.

खर्च निम्मा झाला, हे उघडच आहे. परंतु व्यवस्था टिकली ती राउटरमधील मांडणीमुळे. एकाच वायफायचा पासवर्ड दोघांनी वापरला असता, तर आमच्या संगणकांवरून त्यांचा प्रिंटर आणि सामायिक फोल्डर दिसले असते, आणि ज्यांच्याकडे शेकडो अशिलांची विवरणपत्रे आहेत त्यांना हे कदापि परवडणारे नाही. त्यामुळे दोन्ही कार्यालयांसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे एकाच यंत्रणेतील स्वतंत्र आभासी जाळी, केले, प्रत्येकाला स्वतंत्र आयपी श्रेणी आणि स्वतंत्र वायफाय नाव दिले, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारी वाहतूक फायरवॉलवर, म्हणजे राउटरमधील अडसरावर, पूर्ण बंद केली. यासाठी व्हीलॅन हाताळू शकणारा, म्हणजेच मॅनेज्ड, स्विच लागतो. साध्या स्विचवर ही विभागणी नीट होत नाही.

वेगाबाबत खरी कसोटी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या सुमारास लागते, कारण जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची घाई त्याच दिवसांत असते. आमच्या नमुन्यांची मोठी छायाचित्रे परदेशी ग्राहकांकडे चढत असताना शेजाऱ्यांचे पोर्टल अडखळू लागे. डाउनलोडचा वेग भरपूर शिल्लक असूनही असे होते, कारण अपलोडची रांग तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. राउटरवरील वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवून एफक्यू-कोडेल ही, कोणा एकाच्या वाहतुकीने रांग तुंबू न देणारी, रांग पद्धत चालू केल्यावर ही अडचण जवळजवळ संपली. महागडा प्लॅन घेण्याआधी प्रत्येकाने हा उपाय करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एक मर्यादा मात्र राउटरमधील कोणत्याही मांडणीने सुटत नाही. बाहेरच्या जगाला दोन्ही कार्यालये एकाच पत्त्यावरून दिसतात. त्यांच्या एखाद्या संगणकातून विषाणूमुळे स्पॅम गेला आणि पत्ता काळ्या यादीत पडला, तर त्याच पत्त्यावरून जाणारी आमची मेलही अडते. बँकेने आमचा आयपी विश्वासार्ह म्हणून नोंदवला असेल, तर शेजारीही आपोआप त्या विश्वासात येतात. शिवाय काही गैरप्रकार घडल्यास पहिली विचारणा बिलावर नाव असलेल्याकडेच होणार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी संगणकीय प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. म्हणून कोणत्या व्हीलॅनमधून कोणती जोडणी केव्हा गेली, याची नोंद आम्ही राउटरवरून वेगळ्या संगणकावर साठवतो.

या कारणांमुळे आता शेजाऱ्यांसाठी दुसरा स्थिर आयपी मागवला आहे. त्याचे वाढीव शुल्क ते स्वतः भरणार असून, वेगळे व्हायचे ठरल्यास एक महिन्याची पूर्वसूचना देण्याचे कलमही आमच्या आपसातील करारात घातले आहे.