जिप्सीत एस्टीमचे इंजिन : वायरिंग पहिल्याच खेपेस, सायलेन्सर दुसऱ्या खेपेस

माझ्या १९९८ सालच्या मारुती जिप्सीचे कार्ब्युरेटरचे इंजिन उतरवून त्या जागी २००४ सालच्या एस्टीमचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवण्याचे काम मी सोलापुरातील अक्कलकोट रस्ता एमआयडीसी परिसरातील एका गॅरेजकडे सोपवले होते. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातील आणि दोन्ही १२९८ सीसीची असल्यामुळे ते गिअरबॉक्सला जोडून माउंटिंगवर बसवणे दोन दिवसांत उरकले, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. खरी परीक्षा वायरिंगची आणि सायलेन्सरची होती. पहिल्या विषयात गॅरेजला मी पैकीच्या पैकी गुण देतो; दुसऱ्यात फेरपरीक्षा घ्यावी लागली.

एस्टीममध्ये इंजिन आडवे बसते आणि जिप्सीत उभे, त्यामुळे एस्टीमचे वायरिंग जसेच्या तसे टाकले तर काही वायरी आखूड पडतात आणि काहींचे भेंडोळे करून कुठेतरी कोंबावे लागते. येथील वायरमनने तसे न करता संपूर्ण वायरिंगची टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडवली, जमिनीवर चादर अंथरून त्यावर ते पसरले आणि प्रत्येक वायरीला ‘कायम करंट’, ‘चावीचा करंट’, ‘पंप’, ‘पंखा’ अशा चिठ्ठ्या लावल्या. एसीच्या आणि इतर नको असलेल्या वायरी त्याने मधेच न तोडता मुळापासून काढल्या. एका कपलरमधील एक वायर कोठे जाते याचा उलगडा होत नव्हता, तेव्हा मी उतावीळ होऊन ‘राहू द्या, गाडी तर चालू झाली’ असे म्हणालो. त्यावर त्याने मान वर न करता उत्तर दिले, “मालक, ही पिन कुठं जाते ते कळल्याशिवाय मी चावी देणार नाही.” ती गाडीचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर निघाली. हा सेन्सर जोडला नाही तर एक्सलरेटर सोडून गाडी थांबत आली की आरपीएम एकदम घसरून इंजिन बंद पडू शकते, आणि मग धनी बिचारा महिनाभर प्लग बदलत बसतो.

पेट्रोलच्या पंपाचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. कार्ब्युरेटरच्या इंजिनावरचा यांत्रिक पंप एमपीएफआयला लागणारा अडीच-तीन बारचा दाब देऊ शकत नाही, म्हणून टाकीत विजेवर चालणारा पंप आणि परतीची नळी असे दोन्ही घालावे लागते. सोलापुरातच दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या स्नेह्याच्या गाडीत हा पंप सरळ चावीच्या करंटवर जोडून दिला होता. म्हणजे अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी चालू असेपर्यंत पेट्रोल वाहतच राहणार. येथे मात्र पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, ताब्यात दिला आहे. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते आणि इंजिन सुरू न केल्यास ती आपोआप थांबते.

अर्थिंगसाठी वायरमनने चेसिसवरचा रंग कानशीने खरवडून पत्रा चांदीसारखा चकचकीत केला, तेथे बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. ईसीएमची अर्थिंग मात्र बॉडीवर न देता थेट इंजिनाच्या ब्लॉकवर घेतली. मग हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह बाजू आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरून दाखवला, तेव्हा आकडा ०.०४ व्होल्टच्या वर गेला नाही. मॅनिफोल्डजवळून (इंजिनातला तप्त धूर गोळा करणाऱ्या नळ्यांजवळून) जाणाऱ्या वायरींवर काचतंतूची नळी चढवली आहे, आणि उन्हाळ्यात ज्या गावात दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही तेथे ती चैन नव्हे.

आता सायलेन्सरविषयी. एस्टीमचा इंजिनातला धूर घेऊन खाली उतरणारा पाइप जिप्सीत निरुपयोगी ठरतो, कारण इंजिन वळल्यामुळे त्याचे तोंड भलतीकडे येते. शिवाय खाली गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस आणि पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट या सर्वांमधून वाट काढायची असते. पाइप येथे नव्याने वाकवून घेतला गेला. त्याचा व्यास पावणेदोन इंचच ठेवला, हा गॅरेजच्या मालकांचा सल्ला मला पटला, कारण एवढ्याशा इंजिनाला जाडजूड पाइप लावून नुसता आवाज वाढतो आणि कमी आरपीएमवरची ओढ जाते. चूक झाली ती टांगण्यात. सायलेन्सरच्या मिस्त्रीने पाइप रबराऐवजी लोखंडी पट्टीने चेसिसला घट्ट बांधला आणि मधे बेलो, म्हणजे हादरे सोसणारा लवचीक नळीचा तुकडा, घातलाच नाही. इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर डुलत असते. पाइपचे एक टोक डुलणारे आणि दुसरे जखडलेले असल्यावर तडा कोठेतरी जाणारच. तो साडेसहाशे किलोमीटरनंतर मॅनिफोल्डच्या फ्लँजखालच्या (पाइप जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीखालच्या) वेल्डिंगला गेला.

गंमत अशी की आवाज जवळजवळ आला नाही. तुळजापूर आणि नळदुर्गच्या फेऱ्यांमध्ये लक्षात आले ते एवढेच, की अकराचे अ‍ॅव्हरेज आठवर आले आणि प्लग काजळीने काळे पडले. मी अर्थातच वायरिंगवर संशय घेतला आणि गाडी घेऊन गेलो. वायरमनने इंजिन तापू दिले आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीवर मल्टिमीटर लावला. हा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर व्हायला हवा, पण तो ०.१ च्या आसपास चिकटून बसला होता. सेन्सर न बदलता त्याने सायलेन्सरच्या तोंडात ओले फडके कोंबले आणि फ्लँजवर साबणाचे पाणी टाकले, तसे तेथे बुडबुडे फुटू लागले. एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे सेन्सरला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि ईसीएम बिचारा आज्ञाधारकपणे आणखी पेट्रोल सोडत राहतो. दोष लोखंडाचा होता, पण आळ वायरींवर आला होता.

मालकांनी चूक मान्य केली, हे नमूद करायलाच हवे. बेलोचे अठराशे रुपये सोडून त्यांनी काही घेतले नाही. पाइप पुन्हा कापला, बेलो घातला, तीन ठिकाणी रबरावर टांगला आणि सेन्सरची जागा फ्लँजजवळ पण सहज हात पोहोचेल अशी निवडली. त्यानंतर अडीच हजार किलोमीटर झाले असून अ‍ॅव्हरेज पुन्हा अकरावर स्थिरावले आहे. वायरिंगचे चौदा हजार मला स्वस्त वाटले. सायलेन्सरचे साडेनऊ हजार पहिल्या खेपेला महाग आणि दुसऱ्या खेपेनंतर वाजवी वाटले.

कागदपत्रांच्या बाबतीत हे गॅरेज आपली जबाबदारी घेत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची मान्यता घ्यावी लागते आणि काम झाल्यावर चौदा दिवसांत कळवावे लागते. मी मान्यता आधीच घेतली होती. येथे मात्र पॅडच्या कागदावर हाताने लिहिलेले बिल मिळाले आणि त्यावर इंजिन क्रमांक नव्हता. तो लिहून घेण्यासाठी मला दोन हेलपाटे पडले.

पाइपच्या वरचा पायाखालचा पत्रा अजूनही तापतो आणि दुपारी पातळ चपलेतून चटका जाणवतो. त्यावर उष्णता अडवणारा दुहेरी पत्रा बसवून देण्याचे मालकांनी कबूल केले आहे. तो बसवताना मी मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसणार आहे.