स्टर्नबर्गिया ल्युटिआचे सहा कंद : मुंबईच्या गॅलरीतला अनुभव

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस एका ऑनलाइन रोपवाटिकेकडून स्टर्नबर्गिया ल्युटिआ या भूमध्य समुद्राकाठच्या, शरदात पिवळी फुले देणाऱ्या झाडाचे 6 कंद 900 रुपयांना मागवले. पाकिटावर ‘पिवळे केशर’ असे छापलेले होते आणि माझी पहिली तक्रार तिथेच आहे. केशराच्या फुलात 3 पुंकेसर असतात, याच्या फुलात 6. शिवाय हे झाड आपल्या रेन लिलीच्या कुळातले असून त्याचे कंद विषारी असतात, त्यामुळे केशराच्या नावाने ते विकणे निव्वळ गमतीचे नाही. सहापैकी दोन कंद दाबताच मऊ लागले, त्यांना कुबट वास येत होता. ते बदलून मिळाले नाहीत.

उरलेले चार मात्र अस्सल निघाले. रेती, विटांचा चुरा आणि थोडी बागेची माती अशा मिश्रणात, दक्षिणेकडच्या ग्रिलमध्ये, दोन कुंड्यांत दोन-दोन, सुमारे 10 सेंटिमीटर खोल लावले. या कंदाला चुनखडीची जमीन मानवते, म्हणून खारटपणा जाईपर्यंत धुतलेल्या शिंपल्यांचा चुराही मिसळला. ऑक्टोबरच्या मध्यावर, घामाने जीव नकोसा झालेला असताना, दोन फुले आली : जेमतेम वीतभर उंच, सहा पाकळ्यांची, मेण लावल्यासारखी चकचकीत पिवळी. शेजारच्या काकूंनी त्यांना रेन लिलीच ठरवले.

खरी अडचण सोबतच्या सूचनापत्रकाची. ‘वर्षभर रोज पाणी द्यावे’ असे त्यात लिहिले आहे. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा असतो. तेव्हा हा कंद जमिनीत झोपतो, शरदातल्या पावसाने जागा होऊन फुलतो आणि हिवाळाभर पाने राखून पुढच्या वर्षाची बेगमी करतो. मुंबईत बरोबर उलटे आहे, कारण त्याच्या झोपेच्या महिन्यांतच आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस कोसळतो. पत्रकावर विसंबून जूनमध्ये ग्रिलमध्येच ठेवलेल्या कुंडीतले दोन्ही कंद कुजले. दुसऱ्या कुंडीचे पाणी एप्रिलमध्ये पाने पिवळी पडताच मी तोडले होते आणि पावसाळाभर ती घरात, कपाटावर, कोरडीठाक ठेवली होती. सप्टेंबरअखेरीस पाणी घातल्यावर त्यातल्या दोन्ही कंदांना पाने फुटली, फूल मात्र आले नाही.

मालाला पाचापैकी तीन तारे देईन, पत्रकाला एकही नाही. चार महिने कुंडी कोरडी ठेवायला घरात जागा नसेल त्याने त्याच पैशांत रेन लिली घ्यावी.