जून ते फेब्रुवारी: एक पोतडी, दोन जोड्या बूट आणि भरपूर पाणी

गेल्या मे महिन्यात मी दोन वस्तू घेतल्या. वीस लिटरची ड्राय बॅग (तोंडाला घड्या घालून बकलने बंद करायची, पाणी आत न जाणारी पिशवी) १,४५० रुपयांना आणि वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट ९,८०० रुपयांना. आता फेब्रुवारी संपत आलाय. बॅगेला ठिगळ लागलंय तरी ती दर ट्रेकला येते. बूट माळ्यावर आहेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण बुटांच्या बाबतीत दोष त्या एका कंपनीचा नाहीच. त्या जातीचे सगळेच बूट आपल्या पावसात असेच वागतील असं माझं आता ठाम मत झालंय.

मी साताऱ्याची. वय सेहेचाळीस, वजन सांगत नाही. रोज सकाळी अजिंक्यतारा, बहुतेक रविवारी कुठेतरी बाहेर. या नऊ महिन्यांत पावसाळाभर ठोसेघर-चाळकेवाडीचं पठार आणि सज्जनगड, जुलैत कोलाड, नोव्हेंबरात सांदण दरी आणि डिसेंबर-जानेवारीत मिळून दोनदा वासोटा किल्ला झाला. म्हणजे पाणी वरून, खालून, बाजूने, सगळीकडून अनुभवलं.

आधी बूट, कारण त्यांच्यावरच जास्त पैसे गेले आणि त्यांच्यावरच जास्त राग आहे.

घेतल्या घेतल्या त्यांची परीक्षा मी अगदी शिस्तीत केली होती. घरी आणून घमेल्यात पाणी भरलं, बूट घालून दहा मिनिटं त्यात उभी राहिले. मोजा कोरडा ठणठणीत. मुलगा हसत होता, मी खूश. जूनच्या शेवटच्या रविवारी चाळकेवाडीला गेलो. तिथे पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, पाऊस तिथे पडत नाही, आडवा येतो. छत्री काढायचा प्रश्नच नाही. पाऊण तासात पँटवरून ओघळलेलं पाणी पोटरीवरून मोज्यात आणि मोज्यातून बुटात. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारा बूट आतलं पाणी बाहेर तरी कसा जाऊ देणार? दोन्ही पायांत एकेक बादली अडकवून मी पुढचे तीन तास चालले. गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीला बांधायची आवरणं, लावून बघ, असं ग्रुपमधल्या एकाने सांगितलं. लावले. पाऊण तासाचा सव्वा तास झाला, बाकी काही नाही.

बरं, पाऊस नसेल तेव्हा? तेव्हा घाम. या बुटांच्या आत एक पातळ पटल असतं. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. तत्त्व खरं आहे. फक्त वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत आपल्या घाटमाथ्यावर भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापड सादळतात. त्या हवेत वाफ जाणार कुठे? त्यात बुटाचं वरचं कापड एकदा भिजून गच्च झालं की त्यावर पाण्याचा थरच बसतो आणि उरलंसुरलं दारही बंद. बूट कुठूनही गळत नव्हते, तरी संध्याकाळी माझे पाय दिवसभर धुणं धुतल्यासारखे पांढरे आणि सुरकुतलेले निघायचे. अशी मऊ पडलेली कातडी उतारावर घासली की फोड आलेच.

शिवाय वाळायला तीन दिवस. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर चार तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा हीटरसमोर मात्र ठेवू नका, सोल चिकटवलेला गोंद सुटतो.

याच बुटांबद्दल चांगलंही सांगायला हवं. डिसेंबरात माझा भाचा ते घेऊन उत्तराखंडात केदारकंठाला गेला. बर्फात चार दिवस चालला, पाय कोरडे आणि गरम, परत आला तो बुटांचं गुणगान करतच. थंड, कोरडी हवा आणि पायाखाली बर्फ, हे त्यांचं घर. मी त्यांना चुकीच्या सासरी आणलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी राजपथावरच्या एका साध्या दुकानातून १,१०० रुपयांचे जाळीदार बूट घेतले. आत फोमची जाड गादी नाही, अस्तर पातळ, सोल रबरी. नेहमीच्या मोच्याकडून दोन्ही बाजूंना, तळव्याच्या खोलगट भागाशी, दोन-दोन छिद्रं पाडून त्यांत बारीक रिंगा ठोकून घेतल्या. "ताई, नव्या बुटाला भोकं?" असं त्याने दोनदा विचारलं. ओढ्यातून बाहेर आलं की पहिल्या दहा-बारा पावलांत पिचकाऱ्या उडतात आणि बूट रिकामा. पाय ओला राहतोच, पण पाण्यात डुंबत राहत नाही. हा फरक संध्याकाळी कळतो. मोजे सुती अजिबात नकोत. मी पातळ लोकरीचे वापरते, एक जोड पायात आणि एक कोरडी बॅगेत. ती कोरडी जोड फक्त मुक्कामाला किंवा परतीच्या गाडीत घालायची. तेवढं सुख एक हजार रुपयांच्या कुठल्याही वस्तूत नाही.

पकडीबद्दल मला सगळे विचारतात. सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं तर रबर मऊ आहे, ओल्या कातळावर धरेल, पण लवकर झिजेल. रुतलं नाही तर बूट वर्षानुवर्षं टिकेल, पण तुम्ही टिकाल याची खात्री नाही. माझ्या जोडीची टाच आता जवळपास सपाट झालीय. ऑक्टोबरात पुढून सोल उघडला तेव्हा चहूबाजूंनी शिलाई मारून घेतली, दीडशे रुपये. आणि हे सगळं ओल्या काळ्या कातळापुरतं खरं. कातळावर हिरवं, तुकतुकीत शेवाळ असेल तर जगातला कुठलाही सोल धरत नाही, तिथे बसून उतरायचं. सांदणला आमच्यासोबत आलेले गावातले काका प्लास्टिकच्या चपला हातात घेऊन अनवाणी उतरत होते, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा झपाझप.

जाता जाता एक. घरात जुने, कमी वापरलेले ट्रेकिंग बूट असतील तर गडावर नेण्याआधी सोल वाकवून बघा. नवऱ्याचे सात वर्षं खोक्यात जपून ठेवलेले बूट सज्जनगडाच्या पायऱ्यांवर टोस्टसारखे चुरले. बऱ्याच बुटांच्या सोलमधला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू विघटित होतो, बूट वापरला नाही तरी. नुसतं जपून ठेवून तो वाचत नाही. खाली येताना दोन्ही बूट सुतळीने बांधले होते.

आता ड्राय बॅग. कोलाडला तिची पहिली परीक्षा झाली आणि मी नापास झाले.

कुंडलिकेवरचं राफ्टिंग सकाळीच असतं, कारण भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदीला जोर येतो. हे पाणी मूळचं मुळशी धरणाचं. डोंगरातून खाली आणून १९२७ पासून भिऱ्याला त्यावर वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत जातं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच हे धरण. मला याचं विशेष अप्रूप, कारण आमच्या कोयनेचंही तेच. कृष्णेला मिळायला निघालेलं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरवतात आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. असो. हौसेने मी बॅग तोंडापर्यंत भरली होती, त्यामुळे तोंडाला जेमतेम दोन घड्या बसल्या. राफ्टमध्ये घोटाभर पाणी कायम असतं, दोन तास बॅग त्यात लोळली. बाहेर काढली तर आत पेलाभर पाणी, टॉवेल ओला, डबा वाचला.

बॅग वाईट नव्हती, मी घाई केली होती. तोंडाच्या दोन्ही कडा जुळवून किमान तीन, जमलं तर चार घट्ट घड्या हव्यात, मगच बकल. म्हणजे वीस लिटरच्या बॅगेत सामान पंधरा लिटरचंच मावतं असं धरा. बंद करताना थोडी हवा आत राहू द्या, बॅग तरंगते. आणि घड्यांचं तोंड हे शिंतोडे, पाऊस, क्षणभराची बुडी यांच्यासाठी असतं, तळाशी बुडवून ठेवायला नाही. दुकानात बघायची खूण एकच: सांधे शिवलेले नकोत, वितळवून जोडलेले हवेत. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण. घरी आणल्यावर आत कोरडं वर्तमानपत्र टाकून बादलीत दाबून धरा, कागद सगळं सांगतो.

तोटे आहेत. रिकामी बॅगच अर्धा किलोच्या वर भरते. एकच पट्टा, तो खांद्यात रुततो, पाठीला घाम येतो. म्हणून ती पाठीवर न्यायची वस्तू नाहीच. मी ती मोठ्या सॅकच्या आत ठेवते. सॅकवरचं रेनकव्हर मी सोडून दिलं, कारण पाणी पाठीच्या बाजूने आत येतं आणि कव्हरमध्येच साठतं. त्याऐवजी खताच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिक पिशवी स्वच्छ धुऊन सॅकमध्ये अस्तरासारखी लावते. फुकट.

फुकटावरून आठवलं. त्याच चाळकेवाडीला, मी तीन हजारांच्या जॅकेटमध्ये आतून घामाने भिजलेली असताना, म्हशींमागे एक आजोबा उभे होते. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, खाली घोंगडं. खालून हवा खेळती, वरून पाणी नाही. "भिजलासा की वो," म्हणाले. मी काय बोलणार?

सांदण नोव्हेंबरात केली. दरीच्या तोंडाशीच पाण्याचे डोह लागतात, ऊन तिथे पोचत नाही, पाणी असं गार की कंबरेला लागलं की श्वास अडकतो. लोक सॅक डोक्यावर घेऊन तोल सांभाळत होते, मी बॅग पाण्यावर सोडून पुढे ढकलत गेले. त्या दिवशी तिचे सगळे पैसे वसूल झाले. पुढे दगडधोंड्यांतून उतरताना मात्र आळशीपणा केला, उचलायच्या ऐवजी ती खरवडत खाली सोडली. तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं.

ते कळलं डिसेंबरात, वासोट्याला. बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायला तास-दीड तास लागतो. वाऱ्याच्या बाजूला बसलं की तुषार अंगावर येत राहतात आणि फळीखाली पाणी साचतं. बॅग तिथे ठेवली होती, पलीकडे उतरेपर्यंत आतला स्वेटर ओला. तिकडे कोयना अभयारण्याचं जंगल, मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत परत यायचं. त्यामुळे ओला स्वेटर तसाच दिवसभर वागवला.

लाइफ जॅकेटबद्दल दोन शब्द, कारण लाँचमध्ये बऱ्याच जणी ते मांडीवर घेऊन बसतात. घालाच. घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, पाण्यात ते वर जाईल आणि तुम्ही खाली. पन्नास न्यूटनचं जॅकेट साधारण पाच किलोची उचल देतं. शुद्धीत असलेल्या माणसाला तेवढी पुरते, कारण पाण्यात आपलं वजन फारसं उरत नाही. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवण्याचं काम मात्र ते करत नाही, त्यासाठी शंभर न्यूटन किंवा त्याहून जास्तीचं लागतं.

परत आल्यावर बॅग पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने घासलं, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबलं. दुसऱ्या दिवशी ते कागदासारखं निघालं. "ह्ये रबर न्हाय ताई, प्लॅस्टिक हाय. ह्याला आमचं सोल्युशन धरत न्हाय," असं म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत, आणि मला फ्लेक्सवाल्याकडे पाठवलं. बरोबरच होतं. बॅगेचं कापड आणि बॅनरचं फ्लेक्स, दोन्ही पीव्हीसी चढवलेलंच. फ्लेक्सवाल्याने गरम हवेच्या बंदुकीने दोन मिनिटांत तुकडा वितळवून बसवला, वीस रुपये. जानेवारीत पुन्हा वासोटा केला, बॅग मुद्दाम त्याच फळीखाली ठेवली, थेंब आत नाही. फक्त तुकडा कुठल्या तरी जुन्या बॅनरचा होता, त्यामुळे बॅगेच्या बुडाला आता भगव्या अक्षरांत 'वाढदिवसाच्या हार्दि' एवढं लिहिलेलं आहे. लाँचवाल्या दादांनी ते वाचून मला शुभेच्छा दिल्या.