सात माणसांची मोठी गाडी: नवीन स्कॉर्पिओ-एन, सफारी, हायक्रॉस घ्यायची का जुनी क्रिस्टा, फॉर्च्युनर?

मागच्या महिन्यात कराडच्या आमच्या दाजींचा फोन आला. म्हणाले, "घरात सात माणसं, ओढूनताणून पंचवीस लाखापर्यंत जाईन, नवीन घेऊ का त्याच पैशात जुनी पण मोठी घेऊ?" तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, २०२२ ला सेकंडहँड क्रिस्टा घेतली, त्याच्या आधी सहा महिने गाड्या बघत हिंडलोय, आणि आता दाजींच्या निमित्तानं नवीन गाड्यांच्या पण टेस्ट ड्राइव्ह झाल्या. या भागातल्या अजून कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतो.

आधी एक सांगतो. सगळे मायलेज, सनरूफ, स्क्रीन केवढी इथनं सुरुवात करतात. माझं म्हणणं, तिसऱ्या रांगेत तुमच्या घरातलं कोण बसणार ते पहिल्यांदा ठरवा. पोरं बसणार असतील तर महिंद्राची स्कॉर्पिओ-एन, टाटाची सफारी, टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस, इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर, या पाचातली कुठलीही चालते. मोठी माणसं बसणार असतील आणि सांगली ते तुळजापूर किंवा सातारा ते कोकण असा लांबचा प्रवास असेल तर यादी एकदम दोनावर येते, हायक्रॉस नाहीतर क्रिस्टा.

कारण साधं आहे. फॉर्च्युनर बाहेरनं एवढी मोठी दिसती पण खाली लॅडर फ्रेम, म्हणजे ट्रकसारखी लोखंडी चौकट, आणि मागची फरशी उंच, त्यामुळं मागं बसलेल्या माणसाचे गुडघे छातीला येतात, आणि तिची मागची सीट दोन्ही बाजूला दुमडून वर अडकवायची असती, ती सोडलेली असताना बॅगांना जागा अशी राहतच नाही. स्कॉर्पिओ-एनला तर तिसरी रांग उघडली की मागच्या दाराला सीट टेकल्यासारखीच, आम्ही टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम दोन बॅगा घेऊन गेलो होतो, एक कशीबशी उभी बसली. सफारी त्या मानानं बरी, मागं एसीचे व्हेंट आहेत, पाच-साडेपाच फुटाचा माणूस दोन तास बसतो. पण हायक्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर आणि स्कॉर्पिओ-एन, क्रिस्टा, सफारी, फॉर्च्युनर चौघींचा २७४० ते २७५० च्या आसपास, हा दहा सेंटीमीटरचा फरक मागं बसल्यावर लगेच कळतोय. क्रिस्टाचा व्हीलबेस कमी असूनही ती आत मोठी वाटते, कारण तिचा आकारच माणसं बसवायच्या हिशोबानं काढलेला आहे.

आणि चढ-उतार. माझ्या आईचे गुडघे दुखतात. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरमध्ये चढताना तिला हाताला धरून वर घ्यावं लागलं, क्रिस्टात ती एकटी बसली. शोरूमला जाताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या, त्यांना दुसऱ्या रांगेत आणि मग तिसऱ्या रांगेत बसवून बघा. बऱ्याच घरात गाडी मालक एकटा जाऊन बुक करून येतो आणि मग पालीच्या खंडोबाला निघताना कळतं की आजीला चढता येत नाही.

आता पैशाचं. नवीन गाडीत शोरूम किंमत सोडून जे जातंय ते लोक मोजत नाहीत. महाराष्ट्रात डिझेल गाडी १० ते २० लाखाच्या मधली असली तर १४ टक्के रोड टॅक्स, २० लाखाच्या वर १५ टक्के, पेट्रोलला त्याच जागी १२ आणि १३. म्हणजे १८ लाखाच्या डिझेल गाडीला २ लाख ५२ हजार नुसता टॅक्स, वर इन्शुरन्स, वर १० लाखाच्या पुढं १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं तुमच्याकडनं आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आत्ता खिशातनं जातोच. हा टॅक्स गाडी विकताना परत मिळत नाही. जुनी एमएच पासिंगचीच घेतली तर टॅक्स पहिल्या मालकानं भरलेला असतो, तुम्हाला फक्त ट्रान्सफरची फी. जुन्या गाडीचा खरा फायदा मला इथंच दिसतो.

पण तोटा पण ऐका. जुन्या गाडीच्या लोनला व्याज जास्त. १५ लाख ५ वर्षांसाठी नवीनला ९ टक्के धरले तर हप्ता ३१ हजाराच्या थोडा वर, जुनीला १३ टक्के धरले तर ३४ हजाराच्या वर. महिन्याला तीनच हजार वाटतात पण पाच वर्षात पावणेदोन लाखाच्या वर जातात, म्हणजे टॅक्समध्ये वाचवलेलं बरंचसं बँकेला गेलं. म्हणून माझं स्पष्ट मत, जुनी मोठी गाडी रोखीत किंवा थोड्याशाच लोनवर घ्यायची. तीन चतुर्थांश लोन काढायचं असेल तर नवीनच बघा.

अजून एक गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. आधी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस (वरचा जादा कर) मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचं, आता सेस गेला आणि सरसकट ४० झालं. त्यामुळं दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यानं गाडी घेतली तो अजून "मला एवढ्याला पडली होती" म्हणून जुनं बिल दाखवतो. त्याचं बिल बाजूला ठेवा, आज तीच गाडी नवीन कितीला आहे ते विचारा आणि तिथनं खाली मोजायला सुरुवात करा. दाजींना एकानं तीन वर्षांच्या सफारीचा जो भाव सांगितला तो आजच्या नवीनपेक्षा फारसा कमी नव्हता.

क्रिस्टाचं तर वेगळंच आहे, तिचा भाव उतरतच नाही. २०१६ ला ही गाडी आली, २.४ लिटर डिझेल, दीडशे पीएस ताकद, मागच्या चाकांवर चालणारी, आणि दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या पण लोक डोळे झाकून घेतात. आपल्याकडं मिरजेच्या दवाखान्यांना येणारे, लग्नाची वऱ्हाडं, पंढरपूरच्या ट्रिपा, सगळं याच गाडीवर. म्हणून क्रिस्टा बघताना आधी टुरिस्ट परमिटची होती का ते तपासा. पिवळी पाटी काढून प्रायव्हेट केलेल्या गाड्या फिरतात, मीटर मागं घेतलेलं असतं. मीटरवर ७० हजार दाखवतोय आणि पॅडलचे रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड फाटलेली, स्टेअरिंग चकाकतंय, तर तो आकडा खोटा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी आणि टायर एकाच वर्षाचे आणि टायर घासलेले असतील तर किलोमीटर खरे असायची शक्यता वाढते. सर्व्हिस हिस्टरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधनं काढून घ्या, मालकाच्या फाईलवर जाऊ नका.

आता जे सांगतोय ते आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. जुलै २०२१ मध्ये परत तेच, आणि त्याच आठवड्यात चिपळूण पण बुडालं. किती गाड्या पार्किंगमध्ये छतापर्यंत पाण्यात होत्या ते सांगलीकरांना सांगायला नको. त्यातल्या काही इन्शुरन्सनं टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडच्या) धरल्या, काही धुवून-पुसून, वायरिंग बदलून परत बाजारात आल्या. मला २०२२ मध्ये एका डीलरनं अशीच एक गाडी दाखवली होती, पांढरी शुभ्र, आत सुगंधी स्प्रे मारलेला, भाव पण दीड लाखानं कमी. आमच्या मिस्त्रीनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला आणि खालच्या अर्ध्या पट्ट्यावर गाळाची फिकट रेघ दिसली. मग सीटखालचे स्क्रू बघितले, गंजलेले. मी ॲडव्हान्सचा चेक खिशात घालून गेलो होतो, तसाच परत आणला, आणि त्या दिवसापासनं मी मिस्त्रीशिवाय कुठलीच गाडी बघायला गेलो नाही.

म्हणून एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंगची जुलै २०२१ च्या आधीची गाडी असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, कार्पेट एका कोपऱ्यातनं उचला, फ्यूज बॉक्स उघडा, हेडलाईटच्या आत पाण्याचे डाग आहेत का बघा. आणि इन्शुरन्सला क्लेमची माहिती विचारा, ऑगस्ट २०१९ किंवा जुलै-ऑगस्ट २०२१ चा मोठा क्लेम दिसला तर गाडी कितीही चकाचक असू दे, सोडा. पाण्यातनं निघालेल्या गाडीचं इलेक्ट्रिकचं दुखणं वर्ष-दीड वर्षानं वर येतंय आणि मग थांबत नाही.

फॉर्च्युनरबद्दल. दाजींचा जीव हिच्यावरच होता. २०१७-१८ ची २.८ डिझेल त्यांच्या बजेटमध्ये बसत होती आणि साताऱ्यात हायवेला ती मागनं आली की लोक बाजूला होतात हे खरं आहे. इंजिन दमदार, रान असो घाट असो कुठंही नेता येते. पण विकत घेताना ती जुन्या गाडीच्या भावात मिळते, सांभाळायला मात्र मोठ्या गाडीचाच खर्च. एक टायर पंधरा हजाराच्या आसपास, चार घ्यायचे म्हणजे साठ हजार एकदम. ब्रेक, सस्पेंशन, क्लचचं काम निघालं तर त्याच हिशोबात. गावात चालवली तर लिटरला आठ-नऊच्या पुढं आमच्या ओळखीत कोणाची जात नाही. आणि सात माणसांसाठी ती बनलेलीच नाही, वर सांगितलं तसं. चार-पाच माणसांचं घर, मळ्यात रोज जाणं-येणं, काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतते, त्यांनी फोर बाय फोर फॉर्च्युनर जरूर घ्यावी. दाजींच्या घराला ती नको असं मी तोंडावर सांगितलं, त्यांना आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली बरं झालं सांगितलंस.

एन्डेव्हर पण कोणीतरी सुचवतंच. गाडी फार चांगली, पण फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, स्पेअरसाठी थांबायची तयारी असेल तर बघा, घरातली एकुलती एक गाडी म्हणून मी सांगणार नाही.

स्कॉर्पिओ-एन जून २०२२ ला आली, चाकणला बनते, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्या माणसांसाठी ५ स्टार मिळालेत. डिझेल ऑटोमॅटिक १७५ पीएस, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), खंबाटकी घाटाला सात माणसं भरून चढवली तरी धाप लागत नाही. खालच्या मॉडेलला हेच इंजिन १३२ पीएसमध्ये येतं हे मात्र बघून घ्या. खराब रस्त्याला तिच्यासारखी दुसरी नाही, पण पसरणी घाटाच्या वळणांना मागं बसलेल्यांना हलवते आणि पोरांना उलटी होते. सफारीचं उलटं, मोनोकॉक बॉडी (चौकट आणि बॉडी एकच), हायवेला रस्त्याला धरून चालते, घाटात मागचे निवांत. तिला २०२३ मध्ये ग्लोबल आणि भारत दोन्ही एनकॅपचे ५ स्टार मिळालेत. ती पुढच्या चाकांवर चालते, म्हणून ओल्या मातीच्या चढावर सात माणसं भरली की मागं वजन जाऊन पुढची चाकं फिरतात, हे शिराळा-पाटणकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं.

सेफ्टीचं जरा थांबून सांगतो. आपल्याकडं ऊसतोड सुरू झाली की रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या. पेठ नाक्यावरनं येताना मी स्वतः दोनदा थोडक्यात वाचलोय. म्हणून जुनी घेताना एअरबॅग किती आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे का हे मॉडेलनुसार बघा, क्रिस्टाच्या जुन्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅगा कमीच. नवीन गाडीत बऱ्याच मॉडेलला सहा एअरबॅग मिळतात, खालच्या मॉडेलला किती ते मात्र विचारून घ्या, आणि ज्याच्या घरात लहान पोरं आहेत त्यानं नवीनच घ्यावी असं मला वाटतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

डिझेल घेताना अजून एक. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, काजळी साठवून गरम करून जाळायची जाळी. रोज विश्रामबाग ते गणपती पेठ एवढंच चालवलं तर ती जाळी भरते आणि दिवा लागतो, आठवड्यातनं एकदा तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटं हायवेला साठच्या वर पळवावी लागते. ज्याचं रनिंग वर्षाला दहा हजाराच्या आत आणि सगळं गावातलंच, त्यानं डिझेलच्या नादाला लागू नये. त्याच्यासाठी हायक्रॉस हायब्रीड, पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. कंपनीचा मायलेजचा आकडा २३.२४ आहे, आमच्या ऑफिसमधल्या एकाला १६-१७ मिळतंय, पेट्रोलवर एवढ्या मोठ्या गाडीला हे खूप झालं. गावात हळू चालवताना बॅटरीवरच सरकते, बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी. महाग आहे, आणि दाजींच्या बजेटमध्ये हायब्रीड बसत नाही, साधं पेट्रोल बसतंय पण त्याचं मायलेज मला पटलं नाही.

जुनी घ्यायचं ठरलंच तर मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत दाखला), दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला टॅक्स नव्यानं भरायचा. दिल्लीची दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून लोक आणतात, टॅक्स आणि फेऱ्या धरल्या तर ती स्वस्त राहत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला येत नाही, प्रीमियम त्या हिशोबानं धरा. इन्शुरन्स १४ दिवसात नावावर करा. आणि पूर्ण पैसे आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) ट्रान्सफरचा अर्ज जाईपर्यंत देऊ नका.

दाजींचं शेवटी असं झालं. तिसऱ्या रांगेत त्यांची दोन पोरं बसणार, वर्षाचं रनिंग अठरा हजार, लोन निम्म्याहून जास्त, मळा नाही. म्हणून नवीन सफारी डिझेल, मधलं मॉडेल. पुढच्या रविवारी ताई आणि तिच्या सासूबाईंना घेऊन परत एकदा शोरूमला जायचंय, सासूबाईंना मधल्या सीटवर नीट बसता आलं तर बुकिंग, नाहीतर मी माझ्या मिस्त्रीला कराडला घेऊन जाणार आहे, तिथं २०२१ च्या ऑक्टोबरची एक सिंगल ओनर क्रिस्टा बघून ठेवलीय.